चुकीच्या उत्तरांची वेबसाइट

येमुल सर, त्या मोठ्या शिक्षण संस्थेने तुम्हाला फसवलं. सौदा मी ठरवला, सही तुम्ही केलीत आणि शब्द त्यांनी मोडला. एवढंच मी तुमच्या शोकसभेत बोलणार होतो, तर मला खाली बसवलं. विज्ञान शिक्षकांच्या ज्या मासिकात तुम्ही लिहायचात, त्या लोकांनी मला पानं दिली, म्हणून इथे लिहितो. मी नववी नापास माणूस. सोलापुरात सात रस्त्याला जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि विकतो. लिहायची सवय नाही. भांडायची आहे.

तुम्ही गेलात त्याला आज बारा दिवस झाले. सभा तुमच्या शाळेच्याच हॉलमध्ये होती, दुपारी तीन वाजता. पंखे गरम हवाच फिरवत होते. स्टेजवर तुमचा मोठा फोटो, त्याला हार. फोटो मी लगेच ओळखला. संस्थेच्या वेबसाइटवर सरांचा फोटो लागलाच पाहिजे म्हणून मी त्यांच्या ऑफिसात अर्धा तास वाद घातला होता, तोच फोटो. तुम्ही तेव्हा माझी बाही ओढून म्हणाला होतात, "हमीदभाई, फोटो कशाला? मी काय निवडणुकीला उभा आहे का?" सगळ्या सौद्यातून शेवटी तो फोटोच तेवढा हाती लागला, आणि तोही हार घालायच्या कामी आला.

त्या संस्थेचे सचिव पाहुणे म्हणून बोलायला उठले. म्हणाले, "येमुल सरांनी आयुष्यभर कष्टाने उभी केलेली वेबसाइट आज आमच्याकडे सुरक्षित आहे. त्यांचं कार्य आम्ही पुढे नेत आहोत."

मी उभा राहिलो. "कुठं नेलंत? हितं पडद्यावर उघडून दाखवा की."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मुख्याध्यापिका बाई धावत आल्या, माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाल्या, "हमीदभाई, आज नको. समोर वहिनी बसल्यात." मी वहिनींकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवत होत्या. बसलो. सचिवांनी पाणी पिऊन पुढचं वाक्य बोलायला घेतलं. मधे कोणी काही बोललंच नाही असं.

सर, तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात ते मला कालच्यासारखं आठवतंय. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक चांगला माल मागतं. तुम्ही चपला बाहेर काढून आत आलात आणि म्हणालात, "तुमच्याकडचा सगळ्यात रद्दी फोन दाखवा."

मला वाटलं, मास्तर टिंगल करायला आलाय. म्हणालो, "रद्दी घेऊन काय करणार?"

"विज्ञानाची वेबसाइट करतोय मुलांसाठी. त्यांच्या घरी असलाच फोन असतो. त्याच्यावर पान उघडतं का बघायचंय."

मी एक फोन दिला. काच तडकलेली, बटण दाबलं की दोन मिनिटं विचार करणारा. तुम्ही स्टुलावर बसलात आणि एकेक पान उघडत बसलात. पान उघडायला वेळ लागला की वहीत टिपायचात, "चित्र जड झालं." घरी जाऊन ते चित्र काढून टाकायचात आणि त्या जागी चार रेघांची हाताने काढलेली आकृती घालायचात. असं महिनाभर चाललं. यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या घरात एकच फोन, तो बाप कामावरून आल्यावर पोरांच्या हातात येणार, त्यात नेट संपत आलेलं. त्या पोराला पान चटकन उघडून मिळालं पाहिजे, हा तुमचा हिशेब. स्वतः तुम्ही मागाच्या खडखडाटात अभ्यास करून मोठे झालेले. दुसऱ्या कोणाला हे सुचलं नसतं.

शेवटी घरच्यासाठी एक जुना कॉम्प्युटरही घेतलात. मी किंमत सांगितली, तुम्ही "बरं" म्हणालात. मला रागच आला. असं पहिल्या झटक्यात बरं म्हणणारं गिऱ्हाईक मला चालत नाही. मग तुमच्या बाजूने मीच माझ्याशी घासाघीस केली आणि किंमत खाली आणली. तुम्ही हसत बसला होतात.

वाचणाऱ्यांना ती वेबसाइट काय होती ते सांगायला हवं, कारण आता ती बघायला मिळत नाही. एका पानावर एक प्रश्न. माठातलं पाणी गार का होतं? चादर पांघरली की ऊब का येते? बस एकदम थांबली की आपण पुढे का जातो? प्रश्नाखाली उत्तर नाही. प्रश्नाखाली पोरांनी वर्गात दिलेली उत्तरं, बहुतेक सगळी चुकीची, प्रत्येकाच्या नावासकट. "माठ सावलीत असतो म्हणून. – परवीन, सातवी ब." "मातीत गारवा असतोच. – श्रीनिवास, सातवी अ." तुम्ही कोणाच्या बाजूने ते निवडायचं. निवडलं की पान सांगणार, घरात काय काय घ्या आणि काय करून बघा. दोन माठ घ्या, एकाला बाहेरून ऑइल पेंट लावा, दोन्ही एकाच सावलीत ठेवा. बरोबर उत्तर दुसऱ्या दिवशी उघडायचं. आज कितीही दाबा, तिथे एकच ओळ येणार, "आधी करून बघा, उद्या बोलू."

मी तुम्हाला म्हणालो होतो, "सर, दुकानात माल न दाखवता गिऱ्हाइकाला उद्या या म्हणलं तर तो शेजारच्याकडं जातो."

तुम्ही म्हणालात, "जाऊ दे. माठ रंगवलेला असेल तर येईल परत."

आणि यायचे. वैरागच्या एका बाईंचा तुम्हाला फोन आला होता, त्यांच्या वर्गाने तीन दिवस श्रीनिवासची बाजू सोडली नव्हती म्हणून. वेळापूरचे एक शिक्षक माझ्याकडे कॉम्प्युटर घ्यायला आले, कशाला पाहिजे विचारलं तर म्हणाले, "येमुल सरांची पानं वर्गात लावायला." मी त्यांना म्हणालो, येमुल सर माझे दोस्त आहेत. त्याच दिवशी मला कळलं की आपण दोस्त आहोत.

आता बर्फाचं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी तुमच्या वर्गात माऊस बदलायला आलो होतो. एक कॉम्प्युटर, त्याच्याभोवती सगळा वर्ग. पडद्यावर प्रश्न: बर्फाचे दोन सारखे तुकडे, एक ताटलीत उघडा, एक चादरीत गुंडाळलेला, आधी कोणता वितळेल? तुम्ही पोरांना दोन भिंतींना उभं केलंत. मग माझ्याकडे वळलात. "हमीदभाई, तुम्ही कुठल्या भिंतीला?"

मी म्हणालो, "हे काय विचारणं झालं? चादरीतला आधी वितळणार. सोलापूरची चादर हाय ती, गरम असती."

अर्धा वर्ग माझ्या बाजूला. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला. मधल्या सुट्टीनंतर चादर उघडली. ताटलीत पाणी झालेलं आणि चादरीतला तुकडा मुठीएवढा तसाच.

पोरं ओरडली. मी तुमच्यावर ओरडलो. "बर्फ वेगळा होता. त्यो तुकडा मोठा होता. मी बाजारात वाढलोय सर, मला वजनात फसवू नका." तुम्ही दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आलात. बर्फ मी आणायचा, तुकडे मी करायचे, चादर माझ्या घरची. काउंटरवर मांडलं. तुम्ही शेजारच्या स्टुलावर पेपर वाचत बसलात. तेच झालं.

मी म्हणालो, "आयुष्यभर पांघरली की मी ही. गरम असती."

"चादर गरम नसते, हमीदभाई. गरम तुम्ही असता. ती फक्त आतलं बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचं आत येऊ देत नाही. बर्फ आत ठेवला तर बर्फाची राखण करते." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणालात, "आणि तुम्ही तर जरा जास्तच गरम असता."

आठ दिवसांनी वेबसाइटवर ते पान आलं. पोरांच्या उत्तरांमध्ये माझंही. "चादरीतला आधी वितळणार, चादर गरम असते. – हमीदभाई, दुकानदार, सात रस्ता." माझ्याच गिऱ्हाइकाने मला दाखवलं, हसत हसत. मी शटर अर्धं ओढून तडक शाळेत आलो. तुमच्या वर्गाच्या दारात उभा राहून काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. नववी नापास आहे हे काय गावभर छापायचंय का, असं काहीतरी.

तुम्ही खडू खाली ठेवलात. म्हणालात, "काढतो तुमचं नाव. आत्ता काढतो. फक्त मुलांना वाटेल, मोठी माणसं कधी चुकतच नाहीत."

मी म्हणालो, "राहू द्या." आणि पाय आपटत परत आलो.

त्यानंतर पोरी दुकानासमोरून जाताना आत डोकवायच्या. एकदा तिघी जणी आत आल्या. "तुमीच का वो ते चादरवाले हमीदभाई?" मी कपाळाला आठ्या घातल्या. त्यातली एक म्हणाली, "आमचंबी तेच उत्तर होतं. तुमचं नाव हाय बघून मी बी हात वर केला." तो हात वर करणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं. मी त्यांना पेन दिले आणि घालवून दिलं.

हे मी का सांगतोय सर, तर माझं पुढचं पाप यातूनच आलंय.

तुमची रिटायरमेंट जवळ आली, तब्येत बिघडायला लागली. मी मागे लागलो. चांगला माल गल्लीत ठेवू नका, तुमच्यानंतर कोण बघणार, कोणा मोठ्या संस्थेकडे द्या. या संस्थेच्या बऱ्याच शाळा, तुमची त्यांच्यातली नाही. त्यांचे कॉम्प्युटर मीच दुरुस्त करायचो, सचिवांशी ओळख होती. तुम्हाला जायचं नव्हतं. मी ओढून नेलं. तुम्ही वाटेत एवढंच म्हणालात, "मला काही नको. सगळ्या शाळांना फुकट उघडी राहिली पाहिजे, आणि मुलांची उत्तरं राहिली पाहिजेत." मी म्हणालो, "तुम्ही बोलू नका, मी बोलतो."

मी बोललो. सगळ्या शाळांना खुली राहील हे कबूल करून घेतलं. पहिल्या पानावर तुमचं नाव मोठ्या अक्षरात, हे कबूल करून घेतलं. फोटो कबूल करून घेतला. मग सचिव खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "आमचा एकच मुद्दा आहे. विज्ञानाच्या साइटवर चुकीची उत्तरं वर आणि बरोबर उत्तर दुसऱ्या दिवशी? पालक काय म्हणतील? ते काढावं लागेल."

प्रत्येक सौद्यात समोरच्याला एक गोष्ट सोडायची असते. अशी सोडायची की आपलं काही जात नाही आणि त्याला वाटतं जिंकलो. चाळीस वर्षं मी हेच करत आलोय. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही चहाच्या कपाकडे बघत होता. मी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, सोडू या ते?"

आपल्या माणसाला चारचौघांत असं विचारायचं नसतं. त्याला नाही म्हणता येत नाही. हे मला माहीत आहे, गिऱ्हाइकावर मी हेच वापरतो.

तुम्ही म्हणालात, "तुम्ही म्हणताय तर."

आणि खरं सांगतो सर, आता तुम्ही ऐकत नाही म्हणून सांगतो. सोडताना माझ्या मनात हेही होतं की चला, माझं नावपण जाईल त्यातून. तो चादरवाला हमीदभाई मिटेल. तुमच्या एवढ्या वर्षांच्या पोरांना मी माझ्या लाजेपायी विकलं.

कागद इंग्रजीत होता. तुम्ही वाचलात. एका ओळीवर बोट ठेवून विचारलंत, "हे 'संस्थेच्या धोरणानुसार' म्हणजे काय?" सचिव म्हणाले, "अहो, ती फॉर्मॅलिटी." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी मान हलवली. माणसं मला वाचता येतात असा माझा गर्व होता. कागद वाचता येत नव्हता.

त्यांची अट होती, तुमची जुनी साइट बंद करायची, दोन दोन चालायला नकोत. ती मीच बंद केली. त्याआधी सगळी पानं, सगळी उत्तरं एका डिस्कवर भरून दिली. आणि त्याच आठवड्यात मला उमाळा आला. सौदा झाला, सरांना चांगला लॅपटॉप द्यायचा. तुम्ही फुकट घेणार नव्हता. म्हणून म्हणालो, जुना कॉम्प्युटर द्या, एक्स्चेंज. तुम्ही तो रिक्षात घालून आणलात. मी तेव्हा एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो, खराब चार्जर परत घेऊन आला होता. तुम्ही भांडणाच्या मधेच म्हणालात, "हमीदभाई, यात माझं थोडं आहे. उद्या येऊन काढून घेतो." मी तुमच्याकडे न बघता म्हणालो, "हौ, हौ, ठेवा तिकडं."

माझ्या दुकानाचा नियम सगळ्या सात रस्त्याला माहीत आहे. आलेलं मशीन संध्याकाळच्या आत पुसायचं, कोरं करायचं. कोणाचे फोटो, कोणाचे कागद दुसऱ्याच्या हाती जायला नकोत. या नियमावर माझं नाव आहे. त्या दिवशीही मी नियम पाळला. माझ्या हाताने.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. मी म्हणालो, "ते तर कालच पुसलं की. काय होतं त्यात?" तुम्ही पाणी मागितलंत. माझ्या माठातलं पाणी प्यालात, ग्लास पालथा घातलात आणि म्हणालात, "काही नाही. असंच." गेलात. मी पुढचं मशीन उघडायला घेतलं.

संस्थेची साइट सुरू झाली. एक कोट घातलेला माणूस पहिल्याच वाक्यात उत्तर सांगतो, मागे संगीत, बर्फ संगणकातला, चादर संगणकातली. रद्दी फोनवर ते उघडत नाही, फिरत राहतं. चांगल्या फोनवर उघडलं तर शाळेचा कोड मागतं. कोड फक्त त्यांच्या शाळांना. तुमच्या शाळेला नाही. वैरागच्या बाईंना नाही. वेळापूरला नाही. तुमचं नाव सुरुवातीला खाली बारीक होतं, नंतर तेही गेलं. मी सचिवांकडे गेलो, तर म्हणाले, "हमीदभाई, कागद बघा. धोरणानुसार." आता तर तो पत्ता दाबला की प्रवेश सुरू असल्याची जाहिरात येते.

मी तुमच्या घरी आलो. तुम्ही पलंगावर बसला होता, पाय सुजलेले. मी दारातूनच सुरू केलं. "सर, जुनी काढा. उद्याच्या उद्या परत चालू करतो. बघू कोण काय करतंय."

तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे नाही, हमीदभाई."

"मग कुठंय?"

"जुन्या कॉम्प्युटरमध्ये होती."

मला समजायला वेळ लागला. समजल्यावर मी काय करायला पाहिजे होतं? तुमचे पाय धरायला पाहिजे होते. मी तुमच्यावर ओरडलो. "सांगितलं का न्हाय? तोंड नव्हतं का? पाणी काय पीत बसलात तितं? एक शिवी घातली असती मला!" वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आजारी माणसावर कोणी असं ओरडतं का? माझी चूक होती आणि मी तुमच्यावर ओरडत होतो.

तुम्ही मी दमेपर्यंत थांबलात. मग म्हणालात, "बसा. एवढं काय. पुन्हा गोळा करू. मुलं दर वर्षी नव्याने चुकतात." वहिनींना चहा ठेवायला सांगितलंत. मी चहा न घेता निघालो. माफ करा हे दोन शब्द माझ्या तोंडातून आले नाहीत. नंतर दोनदा भेटलो, दोन्ही वेळा कोर्टाचं बोललो, वकिलाचं बोललो, सचिवांना शिव्या घातल्या. तुम्ही "जाऊ दे" म्हणत राहिलात आणि मी "जाऊ देणार नाही" म्हणत राहिलो. तो वाद संपलाच नाही. आपल्यात बोलायचं होतं ते वेगळंच होतं आणि ते आपल्या दोघांनाही माहीत होतं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी तुमचं ते वाक्य धरून मी शाळेत गेलो. पुन्हा गोळा करू म्हणाला होतात ना? म्हटलं मी करतो. मुख्याध्यापिका बाईंना हात जोडून सातवीचा एक तास मागितला. बर्फ नेला, दोन ताटल्या, घरची चादर. पोरांना म्हणालो, सांगा, आधी कोणता वितळेल? या भिंतीला किंवा त्या भिंतीला उभं राहायचं.

सगळा वर्ग एकाच भिंतीला. बरोबर भिंतीला. एक मुलगी उभी राहून धडाधड म्हणाली, "चादर उष्णतेची दुर्वाहक आहे म्हणून उघडा बर्फ आधी वितळेल." मी विचारलं, बर्फ कधी गुंडाळून बघितलाय का? नाही. दुर्वाहक म्हणजे काय? तिने तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. मागून एकजण म्हणाला, "व्हिडिओत हाय वो ते. पाठ करून आलंय समद्यांचं." तो व्हिडिओ पोरांना कुठून तरी मिळालाच होता. मी म्हणालो, कोणाला वेगळं वाटतंय का? चुकलं तरी चालेल. मी चुकलो होतो, माझं नाव होतं. कोणीच हललं नाही. बर्फ तिथेच ठेवला. मधल्या सुट्टीनंतर चादर उघडली तर बघायला कोणी आलं नाही. उत्तर माहीत होतं ना.

कोणीच चुकलं नाही, सर. तुम्ही म्हणाला होतात दर वर्षी चुकतात. मी तिथे फळ्यासमोर ओली चादर हातात घेऊन उभा होतो आणि पहिल्यांदा मला वाटलं की तुम्ही खरंच गेलात.

तुमच्याकडून मला काय मिळालं ते मी कोणाला सांगू शकत नाही. एवढ्या वयात कोणी माझं चुकीचं उत्तर कागदावर उतरवून घेतलं नव्हतं. लोकांनी माझं चुकलेलं हसून सोडलं किंवा त्याचा फायदा घेतला. तुम्ही ते पोरांच्या उत्तरांशेजारी मांडलंत, आणि मी ती जागा रिकामी करून दिली. परवीनचीही, श्रीनिवासचीही. त्यांना तर कोणी विचारलंसुद्धा नाही.

सभेत मला बोलू दिलं नाही, म्हणून आता सचिवांना इथे विचारतो. सचिव साहेब, सौदा झाल्यावर तुमच्या टेबलावर मी डिस्क ठेवली. काळी डिस्क, त्यावर पांढरी पट्टी, पट्टीवर माझ्या हाताने लिहिलेलं, "येमुल सर – सगळी पानं, मुलांची उत्तरं." तुम्ही ती कपाटात ठेवलीत, चावी खिशात घातलीत. कोट घातलेल्या माणसाचे व्हिडिओ कुठल्या पानांवरून झाले ते मला माहीत आहे, म्हणजे डिस्क उघडली होती हेही माहीत आहे. चार वेळा तुमच्या ऑफिसात आलो. एकदा शिपाई म्हणाला साहेब मीटिंगला, एकदा तुम्ही म्हणालात सर्व्हर बदलला, एकदा म्हणालात जुनं मटेरियल उपलब्ध नाही, आणि चौथ्यांदा गेटवरच अडवलं. मी जुने कॉम्प्युटर विकणारा माणूस आहे. सर्व्हर बदलला म्हणून कपाटातली डिस्क कोरी होत नाही. ती कोणीतरी पुसावी लागते, स्वतःच्या हाताने.

एक कॉपी मी पुसली. ते मी माझ्या नावानिशी इथे सगळ्यांसमोर लिहून दिलंय. आता दुसरीचं तुम्ही सांगा. डिस्क आहे का नाही? असेल तर येमुल सरांच्या शाळेत आणून द्या, मी कोणाला काही बोलणार नाही. नसेल तर ती कोणी पुसली, कधी पुसली आणि कोणाच्या सांगण्यावरून, ते त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवर, वहिनींच्या समोर उभं राहून सांगा. तुम्हाला सांगावंच लागेल.